डॉक्टर नसलेल्या माणसाला दवाखान्याच्या बोर्डावर का घेतात?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ काही वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतो. एका किराणा दुकानात काउंटर सांभाळतो. तो आणि त्याची बायको तिथल्या एका ‘कम्युनिटी हेल्थ सेंटर’मध्ये दाखवतात. तिथे उत्पन्न बघून फी घेतात म्हणे. मागच्या महिन्यात त्या लोकांनी भावाला विचारलं, ‘आमच्या बोर्डावर येता का?’ पगार नाही, मानधन नाही, महिन्याला एक सभा. भाऊ बारावी शिकलेला, हिशेबाला पक्का, पण बुजरा. फोनवर मला म्हणाला, ‘दादा, यात काही गडबड तर नाही ना? मी डॉक्टर नाही, पैसेवाला नाही, मग माझं काय काम?’ मलाही उलगडा होईना. आपल्याकडे हॉस्पिटलच्या ट्रस्टवर देणगीदार असतात, उद्योजक असतात, एखादा आमदार असतो. पेशंटला कोण विचारतं? आणि उद्या काही चुकलं तर ते भावाच्या अंगावर येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : गडबड अजिबात नाही. उलट तुमचा भाऊ तिथला पेशंट आहे, नेमक्या त्याच कारणासाठी त्याला बोलावलं आहे.

अमेरिकेतली ही केंद्रं ‘पब्लिक हेल्थ सर्व्हिस ॲक्ट’च्या कलम ३३० खाली सरकारी अनुदान घेतात. अनुदान हवं असेल तर एक अट पाळावी लागते. केंद्राचा कारभार बघणाऱ्या बोर्डात किमान ५१ टक्के सदस्य त्याच केंद्रात उपचार घेणारे असले पाहिजेत. गेल्या २४ महिन्यांत तिथे एकदा तरी तपासून घेतलेला माणूस ‘पेशंट’ धरला जातो. बोर्ड कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त २५ जणांचं असतं. पेशंट सोडून जे उरतात, त्यांच्यातही वैद्यकीय व्यवसायातून आपल्या उत्पन्नाचा १० टक्क्यांहून जास्त हिस्सा मिळवणारे निम्म्याहून जास्त असता कामा नयेत. म्हणजे १५ जणांचं बोर्ड असेल तर किमान ८ पेशंट, उरलेल्या ७ मध्ये फार तर ३ जण आरोग्यक्षेत्रातले. बाकीच्या खुर्च्यांवर वकील, हिशेबनीस, बँकेतला माणूस, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, नगरपालिकेत काम केलेली एखादी बाई असे लोक बसतात. थोडक्यात, दवाखान्याच्या बोर्डावर डॉक्टरांचं बहुमत होणारच नाही, अशी तजवीक कायद्यानेच करून ठेवली आहे.

आणखी एक अट आहे. पेशंट सदस्य एकत्र पाहिले तर ते केंद्रात येणाऱ्या लोकांसारखे दिसले पाहिजेत. वंश, समाज, स्त्री-पुरुष यांचं प्रमाण साधारण जुळलं पाहिजे. न्यू जर्सीत आपली माणसं भरपूर आहेत. त्या केंद्रात भारतीय पेशंट वाढले असतील आणि बोर्डावर त्यांचं कुणी नसेल, तर भावाला विचारणा होण्याचं ते एक कारण असू शकतं. त्यात त्याला कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

ही अट आली कुठून, ते जरा सविस्तर सांगतो, कारण भावाच्या ‘माझं काय काम?’ या प्रश्नाचं खरं उत्तर त्या इतिहासात आहे.

जॅक गायगर नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. विद्यार्थी असताना, १९५७ मध्ये, ते काही महिने दक्षिण आफ्रिकेत राहिले. तिथे नाताळ प्रांतातल्या फोलेला या ग्रामीण भागात सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० पासून एक आरोग्य केंद्र चालवलं होतं. कार्क दांपत्य पेशंटच्या घरी जायचं, घरात शिजतं काय, पाणी येतं कुठून, संडास आहे का, हे बघायचं आणि मग उपचार ठरवायचं. गायगर यांच्या मनात ते रुजलं. १९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्कांच्या चळवळीला वैद्यकीय मदत करायला ते मिसिसिपीत गेले आणि त्यांना दिसलं की फोलेलात पाहिली तशी गरिबी आपल्याच देशात आहे.

त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध मोहीम उघडली होती. त्या मोहिमेच्या कायद्यात असं लिहिलं होतं की गरिबांसाठीच्या योजनांमध्ये गरिबांचा स्वतःचा शक्य तितका जास्त सहभाग असावा. या मोहिमेतून पैसा मिळवून गायगर आणि त्यांचे सहकारी डॉ. काउंट गिब्सन यांनी टफ्ट्स विद्यापीठाच्या वतीने दोन केंद्रं उभी केली. पहिलं १९६५ मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वसाहतीत, दुसरं १९६७ मध्ये मिसिसिपीतल्या माउंड बायू गावी. माउंड बायू म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी १८८७ मध्ये स्वतः वसवलेलं गाव. आसपासच्या मळ्यांवर कापूस वेचायला यंत्रं आली होती आणि मजुरांच्या हाताला काम उरलं नव्हतं.

इथे जॉन हॅच या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. ते डॉक्टर नव्हते, समाज-संघटक होते. त्यांनी गावोगावच्या चर्चमध्ये, लोकांच्या घरी बैठका घेतल्या आणि विचारलं, तुम्हाला काय हवं? डॉक्टर हवेत, हे तर लोकांनी सांगितलंच. पण त्याबरोबर खायला अन्न नाही, प्यायला चांगलं पाणी नाही, काम नाही, दवाखान्यापर्यंत यायला वाहन नाही, हेही सांगितलं. मग केंद्राने विहिरी खणल्या, संडास बांधले, घरांच्या खिडक्यांना जाळ्या लावल्या. कुपोषित मुलांसाठी डॉक्टर चिठ्ठीवर औषधाच्या जागी दूध, भाजी, मांस असं लिहून द्यायला लागले. ती चिठ्ठी गावातल्या किराणा दुकानात चालायची आणि बिल केंद्राच्या औषधखात्यातून भरलं जायचं. वरून विचारणा झाली की औषधाच्या पैशातून किराणा कसा काय? गायगर यांचं उत्तर साधं होतं : औषधखातं आजार बरे करण्यासाठी असतं आणि कुपोषणावरचं औषध अन्न आहे. पुढे लोकांनी स्वतःची सहकारी शेती काढली आणि शेकडो कुटुंबांनी मिळून भाजीपाला पिकवला.

एवढं सगळं एखाद्या तज्ज्ञ समितीने बंद खोलीत बसून ठरवलं असतं, तर विहिरी आणि भाजीपाला त्या यादीत आले असते का? मला नाही वाटत. आपल्या आजाराचं मूळ कुठे आहे ते लोकांना ठाऊक होतं. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, इतकंच.

अर्थात विचारणं वेगळं आणि अधिकार देणं वेगळं. सुरुवातीच्या अनेक केंद्रांत लोकांची समिती होती ती फक्त सल्ला द्यायला. पैसा आणि नेमणुका विद्यापीठाच्या किंवा हॉस्पिटलच्या हातात. त्यावरून ठिकठिकाणी वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. शेवटी १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने, अध्यक्ष फोर्ड यांनी नकाराधिकार वापरलेला असतानाही, तो डावलून कायदा मंजूर केला. त्यात पेशंटच्या बहुमताची अट आली आणि बोर्डाच्या हाती खरा अधिकार आला. आज देशभरात अशी सुमारे १,४०० केंद्रं आहेत आणि वर्षाला ३ कोटींहून जास्त लोक तिथे उपचार घेतात. तुमच्या भावाला आलेलं बोलावणं त्या कायद्यातून आलं आहे.

आता बोर्ड करतं काय, याकडे येतो. केंद्राचा मुख्य अधिकारी, म्हणजे सीईओ, निवडणं, दरवर्षी त्याच्या कामाचं मूल्यमापन करणं आणि वेळ आलीच तर त्याला काढणं, हा बोर्डाचा सगळ्यात मोठा अधिकार. वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर करणं. लेखापरीक्षकाचा अहवाल स्वीकारणं. दात, डोळे, मानसिक आरोग्य यांतल्या कोणत्या सेवा द्यायच्या, नवी शाखा कुठे उघडायची, दवाखाना किती ते किती उघडा ठेवायचा, हे ठरवणं. उपचारांचा दर्जा कसा आहे ते आकड्यांवरून बघणं. आणि फी ठरवणं.

फीचं मी जरा जवळून दाखवतो, कारण पेशंट सदस्याची किंमत तिथे कळते. नियम असा आहे की पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही. सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर करतं. २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी तो आकडा वर्षाला ३२,१५० डॉलर होता. उत्पन्न त्या रेषेइतकं किंवा खाली असेल तर पूर्ण सवलत. घ्यायचीच असेल तर नाममात्र फी. रेषेच्या वर पण दुपटीच्या आत असेल तर टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारी सवलत. दुपटीच्या वर सवलत नाही. आता ‘नाममात्र’ म्हणजे किती? हे बोर्डाने ठरवायचं असतं आणि ती रक्कम पेशंटच्या नजरेतून नाममात्र असली पाहिजे, असं नियमच सांगतो.

समजा, सभेत प्रस्ताव आला की नाममात्र फी २० डॉलरवरून ३० करावी. हिशेबनिसाच्या तक्त्यात तो दहा डॉलरचा फरक आहे. वकिलाला त्यात वावगं काही दिसत नाही. पण ज्याच्या घरात दोन मुलं एकाच आठवड्यात तापाने पडतात, त्याला त्या वाढीचा अर्थ ठाऊक असतो : एका मुलाला दाखवायचं आणि दुसऱ्याला त्याचंच औषध अर्धं पाजायचं. ही गोष्ट सभेत सांगणारा माणूस हवा. तो जर गप्प बसला, तर प्रस्ताव पाच मिनिटांत मंजूर होतो आणि कुणाच्या मनात वाईट हेतू नसतानाही गरिबाचं नुकसान होतं.

असंच वेळेचं. वेळ घेऊन न येणाऱ्या पेशंटचं प्रमाण हा आकडा बहुतेक केंद्रांच्या मासिक अहवालात असतो. तो वाढला की कर्मचाऱ्यांना वाटतं, लोक बेफिकीर आहेत. पण दुकानात तासावर काम करणारा माणूस दुपारी तीनची वेळ पाळायला गेला तर त्याची तेवढी मजुरी बुडते आणि शेवटची बस चुकली तर परतायचं कसं, हा प्रश्न वेगळाच. संध्याकाळी दोन दिवस आठपर्यंत आणि शनिवारी सकाळी दवाखाना उघडा ठेवा, हे सुचवायला वैद्यकीय पदवी लागत नाही. तिथे ताटकळत बसलेला माणूस लागतो.

पैशाचा कागद बघून भाऊ बिचकेल, हे मला कळतं. सभेच्या आठवडाभर आधी एक जाडजूड गठ्ठा येतो : मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, ताळेबंद, पेशंटसंख्या, मधुमेह आणि रक्तदाबाचे किती पेशंट आटोक्यात आहेत त्याचे आकडे. यातला एक आकडा त्याने पहिल्या दिवसापासून विचारावा. आज पैसे यायचे थांबले, तर हातातल्या रोकडीवर केंद्र किती दिवस चालेल? तिथे या आकड्याला ‘डेज कॅश ऑन हँड’ म्हणतात. दुसरा प्रश्न, विमा कंपन्यांकडून आणि सरकारकडून येणं किती आणि ते किती दिवस अडकलं आहे? या केंद्रांचं सर्वांत मोठं उत्पन्न गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यातून येतं. त्याचे नियम बदलले किंवा बिलं तुंबली की पगाराला ओढाताण होते. ज्याने किराणा दुकानाची उधारी सांभाळली आहे, त्याला हे दोन प्रश्न समजायला अडचण येऊ नये. तुम्हीच लिहिलंत की तो हिशेबाला पक्का आहे.

बोर्डाने काय करायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे आणि नव्या सदस्यांची गफलत बहुधा इथे होते. कोणत्या पेशंटला कोणतं औषध द्यायचं, नर्सची पाळी कशी लावायची, रिसेप्शनवर कुणाला बसवायचं, यात बोर्डाने पडायचं नाही. ते सीईओचं आणि डॉक्टरांचं काम. सदस्याला कुठल्याही पेशंटचे कागद बघता येत नाहीत. आरोग्यविषयक गोपनीयतेचा तिथला कायदा कडक आहे. आणि सदस्याला एकट्याला कसलाच अधिकार नसतो. गणसंख्या पूर्ण असलेल्या सभेत ठराव झाला तरच तो बोर्डाचा शब्द. भाऊ बोर्डावर गेला की दुकानात येणारं गिऱ्हाईक सांगेल, ‘मला दोन तास बसवून ठेवलं, जरा बघा ना.’ त्याने थेट कर्मचाऱ्याला फोन लावायचा नाही. गिऱ्हाइकाला तक्रार कुठे नोंदवायची ते सांगायचं आणि पुढच्या सभेत विचारायचं, ‘या तिमाहीत वाट बघण्याच्या वेळेबद्दल किती तक्रारी आल्या?’ एका माणसाची अडचण सगळ्यांच्या प्रश्नात बदलणं, हे बोर्डाच्या सदस्याचं कसब आहे आणि ते शिकायला वेळ लागतो.

आता तुमची काळजी : अंगावर येईल का? प्रामाणिकपणे, कागद वाचून, विचार करून मत दिलं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. विनामोबदला काम करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा तिथे १९९७ पासून आहे. साध्या चुकीसाठी संस्थेच्या स्वयंसेवकाला सहसा व्यक्तिशः जबाबदार धरत नाहीत. घोर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरकृत्य मात्र त्यात बसत नाही. डॉक्टरच्या हातून उपचारात चूक झाल्याचा दावा, सरकारने त्यासाठी मान्यता दिलेल्या केंद्रांच्या बाबतीत, सरकारवर जातो. शिवाय बहुतेक संस्था संचालकांसाठी वेगळा विमा काढतात. तो आहे का आणि किती रकमेचा, हे भावाने आधीच विचारून घ्यावं. असं विचारल्याने कुणी नाराज होणार नाही.

हितसंबंधांचं बंधन मात्र काटेकोर आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्याला बोर्डावर बसता येत नाही. कर्मचाऱ्याच्या नवऱ्याला, बायकोला, आई-वडिलांना, मुलांना, भावंडांना आणि लग्नाने जोडल्या गेलेल्या अशाच जवळच्या नातेवाइकांनाही नाही. उद्या तुमच्या भावजयीला त्याच केंद्रात नोकरी मिळाली, तर भावाला खुर्ची सोडावी लागेल. त्याच्या दुकानमालकाला केंद्राला काही माल पुरवायचा असेल, तर भावाने ते आधी सांगायचं आणि त्या विषयावर मत द्यायचं नाही. प्रवासखर्च मिळू शकतो. सदस्यत्वाचा मोबदला मिळत नाही.

या व्यवस्थेत उणीव नाही असं म्हणून मी तुमची दिशाभूल करणार नाही. अभ्यासकांनी ही बोर्डं तपासली तेव्हा असं आढळलं की कागदावर ५१ टक्के पेशंट असले तरी त्यांतले पुष्कळ जण केंद्रातल्या नेहमीच्या पेशंटपेक्षा सुस्थितीत असतात. चांगली नोकरी आणि चांगला विमा असलेला माणूसही वर्षातून एकदा तिथे तपासणी करून घेतो आणि नियमात ‘पेशंट’ ठरतो. कायद्याचं पोट भरतं, हेतू उपाशी राहतो. शिवाय सहकारी सोसायटीत सभासद मतदान करून संचालक निवडतात, तसं इथे बहुधा होत नाही. असलेलं बोर्डच नवे सदस्य निवडतं. त्यामुळे सीईओच्या ओळखीतले, मान डोलावणारे लोक गोळा होण्याचा धोका कायम असतो. म्हणून मला वाटतं की तुमच्या भावासारख्या माणसाने जायलाच हवं. दुकानात उभं राहून काम करणारा, सवलतीच्या फीवर उपचार घेणारा, इंग्रजी अडखळत बोलणारा माणूस त्या टेबलाशी नसेल तर त्या ५१ टक्क्यांना अर्थ राहत नाही.

तुम्ही आपल्याकडची तुलना केलीत, ती रास्त आहे. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीत चालतात. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना घालून दिली आणि बिलाच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायला सांगितले. ही मोठी गोष्ट आहे आणि तिने अनेकांचे जीव वाचवले आहेत. पण यात गरिबाला खाट मिळते, कारभारात जागा मिळत नाही. विश्वस्त पेशंटमधून घ्या, असं हा कायदा म्हणत नाही.

सरकारी बाजूला थोडं वेगळं चित्र आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समित्या आणल्या, त्यांना स्वतःचा निधी दिला. समितीत लोकप्रतिनिधी, अधिकारी, स्वयंसेवी संस्थांची माणसं असतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी सदस्य-सचिव असतो. ज्या गावात सरपंच आणि कार्यकर्ते जागे आहेत, तिथे या समित्यांनी पाण्याच्या टाक्या, बाळंतिणींच्या खोल्या, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा असं खरंच काम करून घेतलं आहे. इतरत्र समिती कागदावर राहते. याच अभियानातून २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने त्याचं समन्वयन केलं. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राला गुण द्यायचे, रंगीत तक्ते भरायचे आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर उभं राहून प्रश्न विचारायचे, अशी ती पद्धत. औषधं बाहेरून आणायला लावतात, पैसे मागतात, डॉक्टर मुक्कामी नसतात, या तक्रारी तिथे चारचौघांत मांडल्या गेल्या आणि पुष्कळ ठिकाणी सुधारणा झाली. माउंड बायूच्या चर्चमधल्या बैठका आणि नंदुरबारच्या जनसुनवाया यांत मला जवळचं नातं दिसतं. फरक अधिकाराचा आहे. जनसुनवाईत जाब विचारता येतो. अंदाजपत्रक मंजूर करता येत नाही, प्रमुख निवडता येत नाही. आपल्या रुग्ण कल्याण समित्यांमध्ये, निदान धर्मादाय हॉस्पिटलांच्या विश्वस्त मंडळांमध्ये, तिथेच उपचार घेणाऱ्यांसाठी काही जागा कायद्याने राखाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

भावाला माझा निरोप सांगा. होकार देण्याआधी त्याने चार कागद मागावेत : संस्थेचे उपविधी, मागच्या सहा महिन्यांच्या सभांची इतिवृत्तं, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि संचालकांच्या विम्याची माहिती. संस्थेचं ‘फॉर्म ९९०’ हे वार्षिक विवरणपत्र तर कुणालाही बघता येतं. त्यात बोर्डावर कोण आहे, सीईओला पगार किती, पैसा कशावर खर्च होतो, सगळं असतं. ‘प्रोपब्लिका’च्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. इतिवृत्तं वाचताना त्याने एवढंच बघावं की कुणी प्रश्न विचारल्याची, एखादा ठराव बदलल्याची किंवा परत पाठवल्याची नोंद आहे का. सहा महिन्यांत प्रत्येक ठराव चर्चेविना एकमताने मंजूर झाला असेल, तर तिथे त्याची गरज आणखी जास्त आहे, पण काम अवघड जाईल हे समजून त्याने जावं.

दरमहा सभेला जाणं आणि त्याआधी कागद वाचणं मिळून त्याच्या महिन्यातल्या दोन-तीन संध्याकाळी जातील. तेवढ्या देता येत नसतील तर त्याने नम्रपणे नाही म्हणावं. नावापुरता सदस्य होऊन दुसऱ्या पेशंटची जागा अडवू नये. देता येत असतील तर जरूर जावं, अर्थ समितीत बसायची इच्छा पहिल्याच सभेत सांगावी, आणि न कळलेला आकडा तिथल्या तिथे, हवं तर हिंदीमिश्रित इंग्रजीत, विचारावा.